एकादशीची सुई
स्पिरिटचा वास आला की अजून मन खातं. आईची मांजर माझ्या चुकीने गेली. बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या गुरांच्या डॉक्टरांनी तिला मधुमेह सांगितला, इन्सुलिन दिलं. सोनईच्या घरी रोज मीच सुई टोचायचो. एकादशीला घरात साबुदाणाच होता. मांजरीने तो हुंगून सोडला, तरी मी सुई दिली. दुपारी तिला झटके आले. "अरे, थंडगार पडलीय ही," म्हणत आई गुळाचं पाणी घेऊन धावली. मी वाटी हिसकावली, "साखरेच्या आजाराला गूळ? मारतेस का तिला?" उपाशीपोटी सुईने साखर उतरली होती, गुळानेच ती वाचली असती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मी आईपासून लपवलं. परवा आईलाच इन्सुलिन टोचायला बसलो, तर ती म्हणाली, "आधी दोन घास खाऊ दे रे." मी तिचे पाय धरले, "आई, तिला मीच मारलं. माफ कर."