गुळाचं पुस्तक आणि जिल्दवाले चाचा

महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात पैलवान घडले, गवई घडले, नाटकवाले घडले, आणि त्यांना घडवल्याचं श्रेय घ्यायला माणसांची रांग लागे. पण त्या काळात या शहरात ज्या कोणी पुस्तक लिहिलं, त्याला लिहायला शिकवलं ते एका अक्षरशत्रू माणसानं, हे माझं म्हणणं कोणी खोडून दाखवावं. भवानी मंडपाच्या मागच्या बोळात त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. कचेऱ्यांची दफ्तरं, शाळांचे हजेरीपट, कुराण, पोथ्या, सगळं त्यांच्या सुईखालून जाई. सारं गाव त्यांना चाचा म्हणे. दुकानात खळीचा वास इतका दाटलेला असे, की आत पाऊल टाकलं की आपणही कुठेतरी चिकटून बसू असं वाटे. आणि खरोखरच, लिहायची हौस असलेला माणूस एकदा तिथे बसला की लवकर सुटत नसे.

कोणी हस्तलिखित आणलं, की चाचा ते आधी तळहातावर घेऊन तोलत आणि "पाणी लई हाय" किंवा "बरं हाय, जरा आटवा" असा निकाल देत. मग लेखकाला समोरच्या पाटावर बसवून वाचायला लावत आणि स्वतः दुसऱ्याच कुणाची तरी वही शिवत बसत. मजकूर मनाला भिडला, की त्यांची सुई आपोआप थांबे. एका कवींनी एकदा दोन तास कविता वाचल्या आणि शेवटी मोठ्या आशेनं विचारलं, "कसं काय वाटलं, चाचा?" चाचा म्हणाले, "झ्याक! तुमच्या नादात आज सात वह्या शिवून झाल्या बघा." कविराज खूश होऊन गेले आणि पुढे महिनाभर गावभर हे सांगत हिंडले. कागदाचा मान मात्र चाचा देवासारखा राखत. एका फौजदारानं बोलता बोलता दुकानातल्या एका गठ्ठ्यावर बूट टेकवला. गठ्ठा नुसता शाळेच्या हजेरीपटांचा होता. चाचा शांतपणे म्हणाले, "पावणं, पाय काडा. आत पोरं हायती." फौजदारानं पाय काढला आणि नकळत टोपीही काढली.

मी या चाचांकडे गेलो तो सगळीकडून हात टेकल्यावर. मी शाळामास्तर. आमचे आबा गारगोटीच्या वाटेवरच्या गावात गुळव्ये होते, म्हणजे गुऱ्हाळात रस आटवून त्याचा गूळ उतरवणारे. पंचक्रोशीत त्यांच्या हातचा गूळ डोळे मिटून घेत. पण आबांचं वय झालं होतं, चुलवाणाच्या धगीनं डोळे अधू झाले होते, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मी, शहरात खडू घासत होतो. आबांबरोबर त्यांची विद्या जाणार ही गोष्ट मला आतून खाई. तेव्हा ती पुस्तकात उतरवावी असं मी ठरवलं आणि मार्गदर्शनासाठी विद्वानांचे उंबरे झिजवू लागलो. एका शास्त्रीबुवांनी सांगितलं, उसाची उत्पत्ती पुराणांतून घ्या, त्याशिवाय ग्रंथाला वजन येत नाही. एका वकीलसाहेबांनी सांगितलं, इंग्रजीत लिहा, मराठीत शेतकऱ्यांखेरीज वाचणार कोण? शाळाखात्यातल्या एका साहेबांनी हस्तलिखित तीन महिने ठेवून घेतलं आणि परत दिलं तेव्हा पहिल्या पानावर काताचा डाग होता. दुसऱ्या पानापर्यंत डागही पोचला नव्हता.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. सुई दोनदा थांबली, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "ठिवून जावा," एवढंच ते म्हणाले. पंधरा दिवसांनी मी वर्गात भूमिती शिकवत असताना दारात चाचा उभे! हातात एक काळंठिक्कर पातेलं. सगळ्या मुलांसमोर त्यांनी ते माझ्या मेजावर आदळलं.

"मास्तर, तुमचं पुस्तक आणलंय."

पातेल्याच्या तळाशी कोळशासारखं काहीतरी चिकटून बसलं होतं. झालं होतं असं, की चाचांनी उसाचा रस आणवला, चाचींना चुलीपाशी बसवलं, शेजारच्या एका कारकुनाला माझं पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसवलं, आणि तो एकेक ओळ वाचेल तसतसं चाची करत गेल्या. लेखक खरं लिहितो की नाही हे तपासायची अशी रीत मी आधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

"समदं तुमी लिवल्यापरमाणं केलं," चाचा म्हणाले. "मळी काडली, फेस काडला. म्होरं तुमी लिवलंय, ‘पाक तयार झाल्यावर काहील उतरवावी.’ आता तयार झाला म्हंजे कवा?"

लहानपणापासून शेकडो काहिली उतरताना मी पाहिल्या होत्या. आबा "घ्या!" म्हणत आणि चार गडी काहील उचलत. आबा "घ्या" कशावरून म्हणत, हे मी उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. गुळव्याचा मुलगा म्हणून मी ऐटीत पुस्तक लिहायला बसलो, आणि गूळ कधी होतो हेच मला ठाऊक नव्हतं. मुलं हसत होती. मला रडू येत होतं.

"तोंड पाडू नका," चाचा म्हणाले. "चाचीचं पातेलं गेलंय, तुमचं काय गेलंय? आबा हायत नव्हं अजून? चला की मग."

सुट्टी लागताच चाचा दुकान बंद करून माझ्याबरोबर बैलगाडीतून गावी आले. मी आबांपुढे दौत-लेखणी घेऊन बसलो आणि विचारलं, "आबा, पाक झाला हे कसं कळतं?" आबा म्हणाले, "कळतंय की." मी पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, "आरं, त्यात काय सांगायचं? कळतंय." चार वेळा विचारल्यावर ते चिडले आणि शिकून माझं डोकं बिघडलं असं गड्यांना सांगू लागले. चाचा मात्र काही न विचारता चुलवाणापाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी काहील भरात आली असताना त्यांनी हळूच विचारलं, "आबा, तुमास्नी आदी नाकाला कळतंय का कानाला?"

हा प्रश्न आबांना साऱ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. काहिलीकडे कान करून ते म्हणाले, "कानाला. पयल्यांदा पाक नुसता बडबडतोय. मग दम खाऊन बोलाय लागतोय, म्हातारं माणूस बोलतंय तसा. मग मी थेंबभर पाण्यात टाकतो, त्याची गोळी वळतो आन भांड्यावर हाणतो. टण्ण वाजली, की घ्या."

चाचांनी मला कोपरानं ढोसलं. "लिवा की, मास्तर!"

मी लिहू लागलो. त्यानंतरचे चार दिवस आबा जेवढं बोलले, तेवढं आईशीही कधी बोलले नसतील. दोन कारागीर एकमेकांना खळ आणि पाक समजावून सांगत होते आणि मी मधे बसून लिहीत होतो. माझ्या बापाची ओळख मला त्या चार दिवसांत झाली, आणि ती चाचांनी करून दिली. पुढच्या हंगामात आबा चुलवाणापाशी नव्हते.

दरबाराकडून छपाईला मदत मिळाली आणि पुस्तक निघालं. छापलेली पानं बांधायला अर्थातच चाचांकडे आली. मी दुकानात गेलो, तेव्हा ते पुठ्ठ्यांना खळ लावत होते. पहिल्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"आभार," मी म्हणालो आणि वाचू लागलो. दरबार झाला, शास्त्रीबुवा आले, आणि पुढच्या ओळी मी नजरेनंच वाचल्या. शास्त्रीबुवा होते, वकीलसाहेब होते, काताचा डाग पाडणारे साहेबही होते. चाचा नव्हते. मुद्दाम गाळलं असतं तर निदान तेव्हा आठवण तरी झाली असती. मला सुचलंच नव्हतं! मग मी तोंडानंच भर घातली. "आणि जिल्दवाले चाचा, ज्यांच्यावाचून हे पुस्तक झालं नसतं."

"पुन्यांदा वाचा," चाचा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. चाचा खळ लावत राहिले. पुठ्ठा संपल्यावर म्हणाले, "मगाशी चाचा शास्त्रीबुवांच्या मागनं हुते. आता वकिलाच्या मागनं आले."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, "चाचा, चुकलो. दुसऱ्या आवृत्तीत पहिलं नाव तुमचं घालतो. पूर्ण नाव सांगा तुमचं." इतके दिवस त्यांच्या पाटावर बसलो, पण तेही मी कधी विचारलं नव्हतं.

"आदी दुसरी निगू दे की," चाचा हसून म्हणाले, "मग सांगतो. आन वाचलासा त्ये ग्वाड लागलं बघा कानाला." आणि त्यांनी पुढचा पुठ्ठा ओढला.

पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपायलाच बारा वर्षं लागली. तोवर चाचाही गेले आणि चाचीही. बोळात त्यांचं खरं नाव कोण सांगेल म्हणून मी दारोदार विचारलं. सगळे म्हणाले, "चाचा की! आनि काय?" दुसरी आवृत्ती मी काढली नाही.