गोधडीतली भाकरी

"हे काय आहे? बोल ना, काय आहे हे?"

मॅडमनी गोधडीचा कोपरा कात्रीने उसवला होता. तळहातावर नखाएवढा वाळका तुकडा. मुलुंडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मॅडमच्या गोधड्यांचं प्रदर्शन होतं. दहा-बारा बायका बघत उभ्या.

"भाकरी आहे," मी म्हटलं.

"शी!" त्यांनी हात झटकला.

"मुंग्या लागतील हो घरात," एक गिऱ्हाईक म्हणालं.

आमच्यात गोधडीची शेवटची बाजू बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं आई म्हणायची. मॅडमसाठी मी तीन वर्षं गोधड्या शिवल्या, प्रत्येकीला जेवू घातलं. लपवलं नव्हतं. सांगावं असं त्यात काही वाटलंच नव्हतं.

साड्या मॅडम आणायच्या, मैत्रिणींकडून. वापरून विटलेल्या. कुठे आमटीचा डाग, कुठे घामाचा वास. मी धुवायचे, फाडायचे, थर लावून शिवायचे. गिऱ्हाइकांसमोर मी "आमच्या कारागीर ताई". एरवी "अगं ए".

"उसव सगळ्या. इथेच. सगळ्यांना दिसू दे काढलेलं."

बसले उसवायला. जमिनीवर. खुर्च्या रिकाम्या होत्या. माफीसुद्धा मागितली, दोनदा. आज त्या माफीचीच जास्त लाज वाटते. पण नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. घरात तेवढं एकच काम होतं.

दोन गोधड्या उसवून झाल्या. तिसरी घेताना हळूच म्हटलं, "मॅडम, मुंग्यांची भीती असेल तर भाकरी नको. चार दाणे तांदूळ घालते."

मॅडम नरमल्या. "चालेल. पण तांदूळ मी देईन, माझ्या घरचे. तुमच्या घरचं काही नको."

म्हणजे प्रश्न मुंग्यांचा नव्हताच. उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या. एकीलाही वावगं वाटलं नाही.

त्यांच्या अंगावरून उतरलेलं मी हाताळलेलं चालतं. मी शिवलेलं त्यांच्या पलंगावर चालतं. माझ्या तव्यावरचं मात्र बाटवतं. चाळिशी गाठली तरी मी समजत होते, हे सगळं आईच्या पिढीबरोबर गेलं. मूर्ख होते.

कात्री खाली ठेवली. "मग मी शिवत नाही."

"नको शिवू. तुझ्यासारख्या छप्पन मिळतील."

मिळाल्या. पहिली माझी जाऊच. ती मॅडमच्या घरचे तांदूळ घालते. तिला बोल लावत नाही, तिलाही पोरं आहेत. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात जीन्सचे धागे कापते. कंबर गेली. मॅडमचं काही अडलं नाही, त्यांचं प्रदर्शन आता अंधेरीतही लागतं.

रविवारी घाटकोपरला फुटपाथवर बसते. पुढ्यात कारखान्यातल्या चिंध्यांची एक गोधडी. हात लावेल त्याला आधी सांगते, आत माझ्या घरची भाकरी आहे. कुणी हसतं. बरेच जण हात काढून घेतात. वर्ष झालं, तीच गोधडी घेऊन बसते आहे.

नवरा म्हणतो, "गप बस ना, आजच्या आज विकली जाईल."

जाईल. मला माहीत आहे. मी सांगणारच.