आईला आंघोळ घालणाऱ्या मावशी

माणूस तोंडावरून ओळखता येत नाही, पाठीवरून येतो, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या आईला आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी. परळच्या एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात तीस वर्षं आयाची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि ब्युरोतर्फे घरोघरी पेशंट सांभाळत होत्या. पेशंटांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ‘ती डिलाईल रोडची, खांद्यावर तीळवाली’ किंवा ‘ते मास्तर, मणका वर आलेले’ अशी ती मंडळी त्यांच्या बोलण्यात येत. धडधाकट माणसांकडेही त्या उद्याचे पेशंट म्हणूनच बघत. पहिल्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा त्यांनी मला मानेपासून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, बासष्ट-त्रेसष्ट किलो ना? बरा आसा. तुमच्यावर पाळी इली तर एकटीला उचलता येईल.’’ मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या भविष्याची इतकी व्यवहारी चौकशी कुणी केली नव्हती. माझे थोरले बंधू पुण्याहून आले तेव्हा तर त्यांचा चहा यायच्या आधीच मावशींनी स्वयंपाकघरात जाऊन निकाल दिला, ‘‘ह्यांना दोघी लागतील.’’ आवाज खाली आणण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. बंधूंनी त्यानंतर पंधरा दिवस साखर सोडली होती.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बंधूंनी पुण्याहून हवा भरायची गादी, कसलंसं परदेशी लोशन आणि हातमोज्यांचा खोका पाठवला. मावशींनी गादी ठेवून घेतली, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही. लोशन कपाटात गेलं. हातमोजे त्या घरी बांगडे साफ करायला घेऊन गेल्या. ‘‘पेशंटला हात कळला पायजे, रबर नाय,’’ असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं होतं खोबरेल तेल आणि आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या. साडीची चौपदरी घडी आईच्या अंगाखाली घालून त्या तिला एकटीने, तिला धक्का न लागता, या कुशीवरून त्या कुशीवर करत. दर दोन तासांनी. त्यात सवलत कुणालाच नव्हती. आई शिकवायची त्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक एकदा भेटायला आले आणि आजारपण हे पूर्वसंचित कसं असतं हे तिला समजावून सांगू लागले. साडेचार वाजले. मावशी उठल्या, त्यांनी साडी ओढली आणि आईचं तोंड भिंतीकडे झालं. ‘‘बोला तुम्ही, कान दोन्ही बाजूंना आसत,’’ त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. आई भिंतीकडे बघून अर्ध्या ओठांनी हसत होती. झटक्यानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आई मराठीची शिक्षिका. ‘नाय’ म्हटलं की ‘नाही’ म्हण, असं तिने भाजीवाल्यालाही सांगितलेलं होतं. झटक्यानंतर तिची वाचा गेली आणि स्पीच थेरपीच्या बाई चार महिने ‘आ’ आणि ‘ई’ म्हणवून घेऊन थकल्या. आणि एका सकाळी आतून शब्द आला, ‘‘गार गो!’’ पाणी गार होतं आणि आई चक्क मालवणीत तक्रार करत होती. मावशी ओल्या हातांनीच बाहेर आल्या आणि आम्हाला, शेजाऱ्यांना, जिन्यात भेटलेल्या पोस्टमनला सांगत सुटल्या. पुण्याच्या वहिनींना मात्र हे व्हिडिओ कॉलवर ऐकून फारसं रुचलं नाही. ‘‘आईंच्या तोंडी हे कसलं मराठी?’’ त्या म्हणाल्या. त्या बोलतात तसलं मराठी आईने तोंडातून काढलं असतं तर ते ऐकायला घरात कोण हजर होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मीही कुठे हजर असायचो? आंघोळीच्या वेळी माझं काम टॉवेल घेऊन दाराबाहेर उभं राहण्याचं. आईला इतर कुणी हात लावलेला मावशींना खपत नसे, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते सोयीचंच होतं. तीन वर्षांत मी आईची पाठ एकदाही पाहिली नाही. ‘मावशींना आवडत नाही’ असं म्हणत आम्ही सगळ्यांनी हात झटकले आणि त्याला त्यांचा हट्ट असं नाव दिलं.

पहिल्या वर्षी गणपतीला त्या पाच दिवस गावी गेल्या. कोकणातल्या माणसाला गणपतीत गावी जाऊ नका असं म्हणण्याची छाती मुंबईत कुणाची नाही. ब्युरोने बदली मुलगी पाठवली. ती मोबाइल बघत बसायची आणि आम्ही ती आहे ना म्हणून निश्चिंत बसायचो. मावशी परत आल्या, हातातली करंज्यांची पिशवी ओट्यावर ठेवून सरळ आत गेल्या आणि आईला कुशीवर केलं. माकडहाडावर लालभडक चट्टा उठला होता, मधोमध कातडी सुटलेली, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. ‘‘पाच दिवस,’’ त्या बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘पाच दिवसांत तुम्ही बाईंची पाठ घालवलात.’’ आईला त्या बाईच म्हणत. मी ब्युरोच्या मुलीचं नाव घेतलं. ‘‘ती पोरगी परकी. तुमचे हात खय गेलेले?’’ ती जखम भरायला दोन महिने लागले. त्या दिवसांत मावशी माझ्याशी फक्त डेटॉल आणि कापूस संपला की बोलत.

पुढची दोन वर्षं त्या गावी गेल्याच नाहीत. ‘‘गणपती भावाकडे असता. माझ्यावाचून काय अडता?’’ असं म्हणायच्या, पण तिसऱ्या वर्षी चतुर्थीच्या दुपारी गावाहून फोन आला तेव्हा त्यांनी तो आईच्या उशाशी ठेवून पूर्ण आरती ऐकली आणि डोळ्यांना पदर लावला. आईचा डावा हात गादीवर ठेका धरत होता. आरती संपल्यावर आईने त्याच हाताने मावशींचं मनगट धरलं आणि पुष्कळ खटपट करून तीन शब्द काढले, ‘‘शेवटची... तूच... गो.’’ मला वाटलं, आरतीबद्दल काही म्हणतेय. मावशींना बरोबर कळलं. ‘‘घालतलंय, बाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमची शेवटची आंघोळ मीच घालतलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाय. आता गप रवा.’’ आईने डोळे मिटून घेतले. हे मी दारात उभं राहून ऐकलं. त्या दोघींच्या करारात तिसरा माणूस मीच होतो.

आई गेली ती नंतरच्या मार्चमध्ये, दुपारी तीनच्या सुमाराला. मावशींनीच तिचे डोळे मिटले, हनुवटी बांधली. संध्याकाळी बंधू आणि वहिनी आले, पाठोपाठ नातेवाईक आले, आणि ज्या खोलीत तीन वर्षं आई-मावशींखेरीज कुणी नसायचं तिच्यात उभं राहायला जागा उरली नाही. आंघोळीचं पाणी काढलं. मावशींनी पदर खोचून बादली उचलली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘मावशी, तुम्ही खूप केलंत. पण हे घरच्यांचं असतं. सुना घालतील.’’ त्या काही वाईट बोलल्या नाहीत, सगळीकडे असंच म्हणतात. बादली हातात तशीच धरून मावशींनी माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनीच मग माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की आईची तशी इच्छा होती. आणि मी म्हणालो, ‘‘मावशी, जरा बाहेर थांबा.’’

त्या बादली खाली ठेवून बाहेर आल्या. दार लागलं. आत वहिनी आणि माझी बायको आईचा गाऊन काढू लागल्या आणि तिथेच अडकल्या. आईचा उजवा हात कोपरात वाकून कायमचा आखडला होता, बाही निघेना. आतून कुजबुज, मग ‘‘कात्री आणा’’ असा आवाज. मावशी बंद दाराला तोंड लावून म्हणाल्या, ‘‘बरा हात आधी काढा, वाकडा मागाहून. ओढू नका, बाईंका दुखता.’’ ‘‘आता काय दुखणार आहे!’’ आतून कुणीतरी म्हणालं. मावशी तशाच उभ्या राहून सांगत गेल्या. मान धरा, खांद्याखाली हात घाला, आता वळवा. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते. आईला खाली नेलं तेव्हा त्या बाल्कनीत साड्यांच्या घड्या घालत होत्या. जाताना मला म्हणाल्या, ‘‘मेलेल्या माणसाला सगळे आंघोळ घालतात, भाऊ,’’ आणि चपला घालून गेल्या. तेराव्याला वहिनींनी त्यांच्यासाठी साडी काढून ठेवली होती. त्या आल्या नाहीत. ती साडी पुढे कुणाला दिली ते मला आठवत नाही.

सहा महिन्यांनी मी भोईवाड्यात गेलो. कामाला आलो होतो असं सांगणार होतो, पण ब्युरोला फोन करून मावशींचा नवा पेशंट कुठे आहे ते विचारूनच गेलो होतो. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे त्या पावडर घेत होत्या. थोड्या वाळल्या होत्या. मी पाठ करून आलेलं वाक्य सुरू केलं, ‘‘मावशी, त्या दिवशी मी...’’ त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. ‘‘त्या दिवशी सकाळी अकराला मी बाईंना न्हाऊ घातलंय. डोक्यावरून. केस धुतले, वेणी घातली, तेल लावलंय. तीच त्यांची शेवटची. मागाहून तुम्ही घातलात ती तुमची, बाईंची नाय. मी माझो शब्द पाळलंय.’’ एवढं बोलून त्यांनी सुटे पैसे मुठीत घेतले. ‘‘जातंय. वर आजोबा एकटे आसत.’’

हे त्या स्वतःची समजूत काढायला म्हणाल्या की माझी, ते मला अजून कळलेलं नाही. माफी मागायची राहूनच गेली. त्या समोरच्या चाळीचा जिना चढून गेल्या आणि थोड्याच वेळात वरून त्यांचा आवाज आला, कुणाला तरी कूस बदलायला दटावत होत्या. वरचे आजोबा काहीतरी पुटपुटले, आणि त्या मोठ्याने हसल्या. मी फुटपाथवर उभा राहून ऐकत होतो. हा आवाज तीन वर्षं आमच्या घरात होता आणि मला तो फार मोठा वाटायचा. आता घरी कुणी इतकं मोठ्याने बोलत नाही.