जिभेखालची गोळी आणि जवाईबापू

पन्नाशी ओलांडली आणि अंगात साखर मुक्कामाला आली, की काही गोष्टी हाक मारूनही येईनाशा होतात. मी आधी दोष दिला गादीला, मग उन्हाळ्याला, मग सोयाबीनच्या काळजीला. शेवटी चिखलीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि गुडघा दाखवला. त्यांनी तो दाबून पाहिला आणि विचारलं, "दुखतंय नेमकं कुठं?" मी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि खरं ते सांगितलं.

त्यांनी रक्तदाब मोजला, ईसीजी काढला, चालू असलेल्या गोळ्या विचारल्या, मग चिठ्ठी लिहिली. "दिवसातून एकच. परिणाम दिसला नाही म्हणून दुसरी घ्यायची नाही. डोकं दुखेल, तोंड लाल होईल, नाक चोंदेल, जळजळ होईल, थोडा वेळ सगळं निळसरही दिसेल. ताठरपणा चार तासांवर टिकला तर लाजत घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. तेलातुपाच्या जेवणावर घेतली तर उशिरा लागेल. आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची ती हृदयाची गोळी घ्यायची नाही, कोणीही दिली तरी. दोन्ही अंगात एकत्र आल्या की रक्तदाब धाडकन उतरतो, माणूस जातो. अशा वेळी डॉक्टरला आधी सांगायचं, की ही घेतली आहे."

मी शहाण्यासारखी मान हलवत होतो. मनात मात्र मुहूर्त शोधत होतो.

मुहूर्ताच्याच दिवशी सासुरवाडीहून, उंद्रीहून, शेतात रोडग्यांचं आवतन आलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे. फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. मग मी हिशेब मांडला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला: जेवल्यावर गोळी उशिरा लागते, तर जेवणाआधीच घ्यावी. घरी पोचेपर्यंत मामला तयार. विहिरीच्या आडोशाला गेलो, गोळी गिळली आणि शीळ वाजवत पंगतीत येऊन बसलो.

एक गोष्ट विसरलो होतो. माझं लग्न होऊन जमाना झाला, पण तिथं मी अजून जवाईबापूच आहे. जावयाच्या रोडग्यावर तूप चमच्यानं नाही, तांब्यानं पडतं. मेहुणा तांब्या घेऊन डोक्याशी उभा. "घ्या ना जी भाऊजी, लाजून काऊन राह्यले?" मी लाजत नव्हतो, मी पोट हलकं ठेवायला बघत होतो. पण हे पंगतीत कसं सांगणार?

थोड्या वेळानं कान तापले. नाक बंद झालं. कपाळात कोणी कुदळ चालवू लागलं. सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराला आज नीळ जास्तच पडली आहे, असं दिसायला लागलं. आणि मग छातीच्या मधोमध आग पेटली. मी हात छातीवर ठेवला, तेवढ्यात सगळी पंगत उठली.

सासरे माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांना हृदयाचा त्रास. बंडीच्या खिशात डबी कायम. आमच्याकडे गोळीची रीत पानसुपारीसारखी आहे: आपल्याला लागू पडली की शेजाऱ्याला द्यायची. त्यांनी डबी उघडली, बोटावर बारीकशी गोळी घेतली. "आ करा जवाईबापू. जिभेखाली ठेवा, गियू नोका."

डॉक्टरांचं ते वाक्य तेव्हा कुठं माझ्या कानात शिरलं. मी तोंड घट्ट मिटलं. सासरे म्हणाले, "घाबरले हायेत," आणि मेहुण्यानं माझी हनुवटी धरली. आता तोंड उघडायलाच हवं होतं. गोळीसाठी, नाहीतर बोलण्यासाठी. समोर सासरे, मागे सासूबाई, बाजूला बायको, चुलीपाशी अख्खी भावकी. अब्रू किंवा जीव, एकच काहीतरी हाती लागणार होतं.

"मामाजी, ती मले चालत नाही," मी म्हणालो. "मी दुसरी घेतली. ती... मर्दानगीची."

आरावर एक गोवरी तडकली. पहिली बोलली ती बायको. "म्हणून शीळ वाजवून राह्यले होते. मले वाटलं, सोयाबीनले भाव भेटला का काय." मेहुण्यानं हनुवटी सोडली आणि तोंड फिरवून खांदे हलवू लागला. सासरे हसले नाहीत. गोळी डबीत परत गेली आणि ते मेहुण्याला म्हणाले, "जीप काढ."

चिखलीत पोचताच पहिलं वाक्य मी तेच बोललो, यावेळी गुडघ्याला मध्ये न आणता. ईसीजी निघाला, काही तास थांबवून पुन्हा निघाला. दोन्ही स्वच्छ. आग तुपाची होती, गोळीनं तिला फुंकर घातली होती. डॉक्टर म्हणाले, "छातीत दुखल्यावर घरी अंदाज बांधत बसला नाहीत, चांगलं केलं. आणि ती जिभेखालची गोळी घेतली असती, तर मला तुमच्याशी बोलायला मिळालं असतं की नाही, सांगता येत नाही." मी एवढा ताठ बसलो, की कोणाला वाटावं, हे सगळं मी ठरवूनच केलं होतं.

उठलो तर सासरे म्हणाले, "तुम्ही व्हा बाहेर. मी येतो."

बाहेरच्या बाकावर मी आणि बायको. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "नाही बाबा, तुम्हाला अजिबात नाही. तुमची हृदयाची गोळी चालू आहे, ही घेणं म्हणजे जिवाशी खेळ. कोणी दिली तुम्हाला?" सासऱ्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. बायको समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र मन लावून पाहू लागली.

सासरे बाहेर आले. माझ्याजवळ वाकले. "एका दोस्तानं देऊन ठेवली होती. पोयाच्या सणापर्यंत म्हणून जपली होती. डॉक्टरनं टाकून देली." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही बोलले नसते, तर मी इचारलं नसतं."

एका वाक्यात दोन जीव वाचवणारा जावई चिखली तालुक्यात दुसरा असेल, तर मला दाखवा.

परतताना जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा, जी सासरे आजवर कोणाला देत नसत, त्यांनी मला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. शेतात पोचलो तेव्हा सगळे वाट पाहत उभे होते. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

मी उतरायच्या आधीच मागून सासऱ्यांचा आवाज आला, "जवाई पास झाले. आज त्याहिले ताक द्या, तूप नोका वाढू कोणी."