कुठला पंप?

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढेही नाही — आणि त्याला तर मी भाजीवालीशी झालेलं भांडणसुद्धा सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. फक्त मला चांगली समजू नका, एवढं आधीच सांगते.

सुनंदा सायखेडा गावची, मी नाशिक शहरातल्या इंदिरानगरची. नव्वदच्या दशकात नाशिकच्या कॉलेजात एका बाकावर बसून फिजिक्स शिकलो आणि पुढे एकाच संशोधन केंद्रात लागलो. तिथे एका मोठ्या गोल नळीत इलेक्ट्रॉनचा झोत फिरत ठेवायचा. नळीत हवा जितकी कमी, तितका झोत जास्त वेळ टिकतो. हवा ओढणारे पंप माझ्याकडे, झोताला वळवणारी चुंबकं सुनंदाकडे. आणि ती हुशार होती — माझ्याहून. हे सांगताना आजही जळते बघा मी. वडिलांचा भाजीचा मळा, इंग्रजी यथातथा, बोलता बोलता तोंडातून ‘लय’ सुटायचं. पण गणित असं की मोठमोठे साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचे. माझ्या शेजारी कोण बसलं कधी?

आमच्याकडे एक शिस्त होती. मशीनला हात लावला की कंट्रोल रूममध्ये येऊन मोठ्यानं सांगायचं — मी अमुक केलं. एका दुपारी मी बरेच दिवस बंद पडलेला पंप चालू केला आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं — तेवढं खरं आहे हो. चहाला गेले. परत येते तर सुनंदा नाचत होती! तिनं त्याच दुपारी चुंबकांची नवी मांडणी लावली होती आणि झोत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त टिकत होता. तिनं मला मिठीच मारली.

तेव्हा सांगता आलं असतं ना? एकच वाक्य होतं — हे माझ्या पंपामुळेही असेल. मी म्हणाले, “लय भारी!” — तिचीच नक्कल करत.

नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ ठीक. पण नाही — मी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिले. पेपर लिही, घरी कळव, मागे हटू नकोस. परदेशात अशाच, पण आणखी मोठ्या मशीनवर काम करायला एकाच माणसाला पाठवायचं होतं, आणि तिचं नाव जवळजवळ पक्कं झालं. नाशकात कॉलेजनं तिचा सत्कार ठेवला, तिचंच व्याख्यान ठेवलं. पाहुणे म्हणून आमच्या केंद्राचे प्रमुख आले. पहिल्या रांगेत तिचे वडील, अण्णा, नवी टोपी घालून. मागे जीप भरून आलेले गाववाले.

शेवटी कुणीतरी म्हणालं, प्रश्न विचारा. मी उठले. इंग्रजीत, अगदी गोड आवाजात विचारलं — त्याच दुपारी मी पंप चालू केला होता, त्याचा परिणाम तू वेगळा काढलास ना? अण्णांना वाटलं, मैत्रीण कौतुक करतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून गाववाल्यांनीही.

“कुठला पंप?” सुनंदा म्हणाली.

इथवरचं मी इतकी वर्षं स्वतःशी ‘हेवा’ म्हणून खपवलं. हेवा कुणाला वाटत नाही? पण पुढचं — पुढचं मी मराठीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. “अगं, मी कंट्रोल रूममध्ये मोठ्यानं सांगितलं होतं की! तू तिथेच होतीस. विसरलीस?”

खोटं. धडधडीत खोटं.

लेकीची बाजू सावरायला अण्णा उठले आणि हसत म्हणाले, “इसरली आसंल हो. ल्हानपणापासून इसरभोळी हाय आमची पोरगी.” सगळं सभागृह हसलं. प्रमुख हसले नाहीत. तिच्या गळ्यात घालायचा हार त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

परदेशात मी गेले. सुनंदानं नोकरी सोडली. कुणी तिला लबाड म्हणालं, कुणी बेफिकीर. मी दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी निघताना अण्णांनी दारात माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाले, “तुझ्यासारखी मैत्रीण हाय म्हून लेकीची काळजी नाय आम्हाला.” मला लाज वाटली? छे. मला भूक लागली होती. मी पेढा खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला.