आतला अंगठा

"हे डाग कसले? सांगा ना, डाग कसले हे?"

पोपटशेठ आमच्या सावेडीच्या वर्कशॉपमध्ये उभे राहून असे ओरडत होते, की तिकडे पारनेरच्या बाजारात एखाद्या म्हशीनं दावं तोडलं असणार. त्यांचा धंदा मंडप डेकोरेशनचा. माइकशिवाय वरात थांबवणारा माणूस.

त्यांच्या हातात आमचं कागदी कमळ होतं. बाहेरच्या पाकळीवर निळा अंगठा उमटलेला. मी खोक्यातलं दुसरं उचललं. अंगठा. तिसरं. अंगठा. सगळ्या मालावर तेच.

आता जरा कामाचं सांगतो. आम्ही हातानं छापलेल्या कागदाच्या घड्या घालून कमळं करतो. लाकडाच्या कोरीव ठशाला रंग लावून तो कागदावर दाबायचा, हे काम नामदेवचं. त्यानं छापलेल्या फुलांवर भुंगे यायचे. एक तर मीच हाकललाय. कागद छापून झाला की नामदेव कागदाच्या पाठीवर एका कोपऱ्यात रंगाचा अंगठा दाबायचा. घडी घालणाऱ्याला ती खूण, इथून सुरू कर. तिथून सुरुवात केली की अंगठा कमळाच्या पोटात जातो. गिऱ्हाइकाला तो कधी दिसतच नाही.

घड्या घालायची त्याची बायको, कौसाबाई. दोघं जामखेडकडची. ऊसतोडीला म्हणून आली आणि इथंच राहिली.

नामदेव या उन्हाळ्यात गेला. छातीत कळ आली तेव्हा ठसा हातातच होता. मागं त्यानं छापलेला एक गठ्ठा उरला होता. ही कमळं त्याचीच.

"सगळी उकला आणि नीट घाला परत!" शेठ म्हणाले.

ते होत नाही. घडीवर चमच्याची पाठ घासून आम्ही ती पक्की करतो. मग उकलली की रंग तडकतो आणि कागद वाया जातो. म्हणजे नामदेवचं शेवटचं काम कचऱ्यात.

मी आतल्या खोलीत गेलो. "कौसाबाई, उलट्या कोपऱ्याकडनं धरलंत?"

"व्हय."

"चुकून?"

"न्हाई." त्यांच्या हातात चमचा तसाच होता. "इतकी वर्सं म्याच दुमडला त्यो आत. आता हात व्हईना, भाऊ."

मी बाहेर आलो आणि ठोकून दिलं. "शेठ, डाग काय म्हणता? निजामशाहीत शाही लग्नाला अशीच कमळं लागायची! नवऱ्यानं छापायचं, बायकोनं दुमडायचं आणि जोडीची खूण म्हणून अंगठा बाहेर ठेवायचा. नुसत्या सुलतानाच्या मांडवात टांगत. मी तुम्हाला दिली, तर तुम्ही ओरडताय?"

शेठनी कमळ फिरवून पाहिलं. आवाज एकदम वरातीवरून आरतीवर आला. "आधी नाही का सांगायचं, आर्टिस्ट! नवरी खूश होईल. अन् त्या जोडीलाच मांडवात आणा की. स्टेजवर सत्कार करू. शाल, नारळ, सगळं."

निजामशाही उभी करायला मला क्षण लागला नव्हता. यावर मात्र मी खोकं बंद करत नुसतं "बघतो," म्हणालो.

"आणि पुढच्या सगळ्या लग्नांना हीच. अंगठेवाली."

खोकी टेम्पोत चढली. माल पास झाला, ऑर्डर वाढली. या लाइनमध्ये मी एवढं शिकलोय, की डागाला गोष्ट जोडली की तो डिझाइन म्हणून खपतो. दुसऱ्या वेळेला माल कुठून आणायचा, ते मात्र गोष्टीत नसतं.

मी आत गेलो, तर कौसाबाई टेबलावरचे कपटे गोळा करत होत्या. आतून त्यांनी सगळं ऐकलं असणार. तरी मी मोठ्या आवाजात म्हणालो, "आपली कमळं पुढच्या सगळ्या लग्नांना हवीत म्हणे! अंगठ्यासकट! बोला, कधी बसायचं?"

त्यांनी चमचा पुसून डब्यात ठेवला.

"कागद सपला, भाऊ."