शेऱ्याचा रकाना

आमच्या डिस्पॅचच्या आबांइतका सावकाश माणूस तापीच्या दोन्ही तीरांवर दुसरा नसेल. यावल रस्त्याला केळीचं जे पॅकहाऊस आहे, तिथे मी कॉम्प्युटरचं काम बघतो, आणि आबा तिथे निर्यातीच्या पेट्यांवर लेबलं लावत. सगळं पॅकहाऊस कंटेनर सुटायच्या घाईत धावत असताना आबा हात मागे बांधून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे, पेट्यांच्या थप्पीभोवती फिरत. गंमत म्हणजे त्यांच्या पेट्यांची गाडी कधी चुकली नाही. डोक्याला घालायची कागदी टोपी ते फेट्यासारखी एका बाजूला कलती घालत आणि सुटी झाल्यावरही ती काढायला विसरत. यावलच्या एसटीत टोपीसकट बसलेले आबा पाहून कंडक्टर त्यांना डॉक्टर समजत असे, असं ते स्वतःच सांगत. केळीचा घड नाकाशी नेऊन तो कोणत्या गावच्या पाण्यावर वाढलाय हे सांगायची त्यांना खोड होती. दहातल्या सहा वेळा ते चुकत. पण चुकले की त्या गावाला शेजारच्या गावातून पाणी येत असणार, अशी शंका घेत. शीतगृहाचं जाड दार उघडलं की आतून पांढरं धुकं बाहेर येई. आबा त्यात दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहत. विचारलं तर म्हणत, "काही नाही, हिवाळ्यात जाऊन आलो."

आणि ते लिहीत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थप्पीमागे शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात काही बिघाड असेल तर लिहायचं; नसेल तर रिकामा सोडायचा. सगळे रिकामाच सोडत. आबा मात्र एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यात लिहीत: 'आज सातपुडा जवळ आल्यासारखा दिसतो.' किंवा, 'कॅनॉलवर बगळे. सतरा मोजले, अठरावा उडाला.' हे सगळं पेटीच्या लेबलवर खाली बारीक अक्षरांत छापून समुद्रापार जाई. आखातातल्या कोणत्या तरी गोदामात आमची केळी आणि आबांचे बगळे एकदमच उतरत असणार. प्रत्येक लेबलाच्या दोन प्रती निघत. आबा तिसरी काढून खिशात ठेवत. मॅनेजरांनी एकदा हटकलं, तेव्हा ते म्हणाले, "शेरा म्हणजे पाहिलेलंच लिहायचं ना साहेब? मी पाहिलेलंच लिहितो."

एका पावसाळ्यात ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आबा मूळचे शिरपूरकडचे. कचेरीत शुद्ध बोलत, पण मनातलं काही सांगायचं झालं की त्यांची अहिराणी वर येई. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "तुन्हा हाऊ रकाना गणित करस."

मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. त्यांचं म्हणणं असं होतं: कीबोर्डवर त्यांना महिरपी कंस सापडला होता. देव्हाऱ्याच्या महिरपीसारखा तो त्यांना आवडला, म्हणून त्यांनी दोन्हीकडून दोनदोन महिरपी काढल्या आणि मधे थप्पीतल्या पेट्यांचा हिशेब लिहिला: तेरा, मग गुणाकाराची चांदणी, मग नऊ. लेबल छापून आलं, त्यावर ना महिरपी होत्या, ना चांदणी. नुसते एकशे सतरा. "मी लिखं तेरा गुणिले नऊ, त्यानी उत्तर दिधं," आबा म्हणाले. मी म्हटलं, छपाईत काहीतरी झालं असेल. दुसऱ्या दिवशी ते बारा गुणिले नऊचं उत्तर, एकशे आठ, छापलेलं लेबल घेऊन आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी फोनवर होतो. त्यांना हातानेच थांबा म्हटलं, आणि नंतर विसरून गेलो.

खरं तर कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाची त्या पहिल्याच लेबलाने झोप उडायला हवी होती. शेऱ्याच्या रकान्याने लिहिलेलं जसंच्या तसं छापायचं असतं. तो उत्तर देतो, म्हणजे तो लिहिलेल्या मजकुराला हुकूम समजतो. आणि आज गुणाकार करणारा उद्या कोणीही सांगेल ते करील. पण सांगणारे आबा होते, कलत्या टोपीचे, आणि मी त्यांचं हे सांगणंही अठराव्या बगळ्याच्याच हिशेबात धरून चाललो होतो.

मग आबांनी स्वतःच पुढे चौकशी केली. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द कायम दिसे. त्याचा अर्थ काय, हे त्यांनी महिरपीत घालून रकान्यालाच विचारलं. तो शब्द निघाला सॉफ्टवेअरच्या आतल्या सगळ्या माहितीच्या कप्प्याचं नाव. छपाईयंत्र क्षणभर थांबलं आणि सुरू झालं ते थांबेचना. लेबलांचा अख्खा रोल जमिनीवर सांडला, आणि त्यावर आमच्या सॉफ्टवेअरचं पोट उघडं पडलं होतं: कोणती माहिती कुठे ठेवली आहे, ती उघडायच्या किल्ल्या, सगळ्यांचे पासवर्ड. माझाही होता. मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आबा त्या कागदाच्या वेटोळ्यात उभे राहून शांतपणे म्हणाले, "यानी माले सांगानं व्हतं, पण इतलं नही."

त्या दिवशी दोन कंटेनर अडकले. मॅनेजरांनी आबांचं लॉगिन बंद केलं, त्यांना घरी बसवलं आणि मला अहवाल लिहायला सांगितलं: डिस्पॅचच्या कर्मचाऱ्याने मुद्दाम छेडछाड केली, असा. आबांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. अशा अहवालानंतर ते परत आले नसते. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिला मसुदा मी तसाच लिहिला होता.

दोन दिवसांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून पुण्याहून एक मुलगी आली. तिने आबांना बोलावून घेतलं, शेजारी खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. आबांनी महिरपीपासून सांगितलं. तिने महिरपीत तेरा, चांदणी, नऊ टाकून पाहिलं आणि लगेच पुण्याला फोन लावला. आमचंच सॉफ्टवेअर आणखी कितीतरी कारखान्यांत होतं. कुठेही, कोणीही त्या रकान्यातून आत शिरून शेतकऱ्यांची नावं, आधार क्रमांक, सगळं उचलून नेऊ शकला असता.

"काका, तुम्ही हे आधी कोणाला सांगितलं होतं का?" तिने विचारलं.

"बठ्ठासले सांगं, सगळासले," आबा म्हणाले. "कोणी ऐकं नही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मॅनेजर तिथेच उभे होते. टेबलावर माझा मसुदा होता. मी म्हणालो, "मला सांगितलं होतं. तीनदा." आणि मसुदा घडी करून खिशात घातला. मॅनेजर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पण आबांचं लॉगिन संध्याकाळी चालू झालं.

भोक बुजवलं गेलं. नव्या रकान्यात फक्त साधी अक्षरं चालतात, तीही चाळीस. आबांनी पहिल्या दिवशी लिहायला घेतलं आणि वाक्य अर्ध्यावरच तुटलं. मग ते 'ठीक' एवढंच लिहू लागले. कामात काही फरक नव्हता, टोपी कलतीच होती, तरी त्यांच्या फेऱ्या मला लहान झाल्यासारख्या वाटत. मी म्हटलं, वहीत लिहा ना. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पॅकिंगमध्ये पेन, कागद, मोबाइल, काहीच न्यायची परवानगी नसते. "बाहेर येईपर्यंत इसरी जास," ते म्हणाले.

पुण्याच्या मुलीने माझ्यावर एक काम सोपवलं होतं: जुने सगळे शेरे एकेक करून तपासायचे, कुठे दुसऱ्या कोणी कंस घातलेत का ते पाहायला. आबांचे सोडले तर कंस कुठेच सापडले नाहीत. मला सापडले ते आबा. दुपारची जेवणं झाली की मी त्यांची वर्षंच्या वर्षं वाचत बसे. केळीच्या पानाआडून आलेलं ऊन, पेटीत निघालेला हिरवा बेडूक, भुसावळकडून ऐकू आलेली मालगाडी. आणि कित्येक शेऱ्यांच्या शेवटी दोन शब्द: 'अक्काला सांगणे.'

मी सगळं छापून काढलं आणि एका रविवारी जळगावहून, माझ्या घरून, यावलला त्यांच्या घरी गेलो. आबांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण आणि ते, दोघंच. अक्का ओसरीवर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझा चेहरा हाताने चाचपला. मग कळलं. त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आबा आत चहा करत होते. मी अक्कांना वाचून दाखवू लागलो. त्या मान हलवत ऐकत होत्या. बगळ्यांपाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "अठरावा उडना नही. त्यानी तो मन्हासाठे उडाया." सातपुड्यापाशी नुसत्या हसल्या. एकही शेरा त्यांना नवा नव्हता. उलट माझ्या कागदावर नसलेलंही त्यांना कितीतरी ठाऊक होतं.

चहा आला. बशी दोन्ही हातांत धरून अक्कांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तू जळगावहून उना ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "वाटमा काय देखं?"

मी तोंड उघडलं. तास-दीड तासाचा रस्ता होता, मधे पूल होता, नदी होती, दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते, एवढं मला माहीत होतं. पण पाहिलेलं एकसुद्धा आठवेना. अक्का बशी तशीच धरून वाट पाहत होत्या, आणि आबा, बहुधा माझी लाज राखायला, चहात साखर बरोबर पडली का म्हणून विचारत होते.